कच्चा जोड

आज मस्कतच्या वर्कशॉपमध्ये एका महागड्या गाडीची चामड्याची सीटं काढली आणि त्या वासानं मला संभाजीनगरला, माझ्या उस्तादांच्या गॅरेजात नेलं. अशीच गाडी तिथं आम्ही रॅलीसाठी तयार केली होती. उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवलेला, वेल्डिंग माझं. गाडीचा मालक ती न्यायला आला तेव्हा मी कसंबसं म्हणालो, "उस्ताद, मागचा एक जोड कच्चा वाटतोय." आठवीत शाळा सोडलेल्याची नोकरी गेलीच, असं वाटलं.

उस्ताद मालकाला म्हणाले, "साब, उद्या न्या. आपली चूक सांगणाऱ्याच्या हातची गाडी हाय, बिनघोर बसा." मग माझ्याकडं वळून, "आन तू रडतो काय रं? लाव मशीन!"

तेव्हा शरमेनं मान वर झाली नाही. इथं जोड यंत्र तपासतं, आणि माझा जीव उस्तादांच्या त्या ओरडण्यासाठी तुटतो.