घरची गाय

कामशेतला माझ्या किराणा दुकानासमोर गुरांचा दवाखाना होता. म्हैस आडवी पडली असं कुणी सांगितलं की तिथला मलमपट्टी करणारा ड्रेसर भरल्या ताटावरून उठायचा. "व्हय, आलोच," म्हणत पिशवी खांद्याला लावून वडिवळ्याला नाहीतर बेडशाला चालू पडायचा. मग रविवार असो की सण. मला त्याचं कौतुक वाटे, आणि घरची माणसं वाट बघत राहायची म्हणून रागही येई.

एका वसुबारसेला त्याची धाकटी लेक दवाखान्यात आली आणि शेतकऱ्यांच्या मागे रांगेत उभी राहिली. सगळे गेल्यावर पुढं होऊन म्हणाली, "आमची गाय लय आजारी हाय. घरी चला."

त्यानं पिशवी उचलली, दवाखान्याला कुलूप लावलं आणि तिच्या मागोमाग निघाला. माझ्या दुकानापाशी क्षणभर थांबून हळूच म्हणाला, "शेट, आमच्याकडं गाय न्हाई."