डावीकडचं मागचं दार

सांडू मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "कोण बोलतंय?" पलीकडून त्यांची मुलगी रेखा आपलं नाव सांगत होती, रडत होती, तरी मी पुन्हा विचारलं, "नक्की कोण?" माझ्या डोक्यात आलं, हा फोन दारासाठी आहे. माझ्या जुन्या अँबॅसिडरचं डावीकडचं मागचं दार आठ महिने त्यांच्या पडेगावच्या वर्कशॉपमध्ये पडून होतं, आणि ते परत न देण्यासाठी एक ना एक दिवस काहीतरी निमित्त निघणार, अशी माझी खात्री होती. रेखा म्हणाली, "काका, अप्पा गेले. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली. दवाखान्यात नेस्तोवर सगळं संपलं हुतं." मी "अरेरे" म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर... सांगायला लाज वाटते, पण ठेवल्यावर मी त्यांच्या शेजारच्या टायरवाल्याला फोन लावून बातमी खरी असल्याची खात्री करून घेतली. त्याला आता दीड महिना झाला.

मी असा का, हे सांगायला हवं. मी वजनमापे निरीक्षक होतो. शहागंजच्या बाजारात तराजू तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोखरलेली वजनं, अर्ध्या बोटाने आखूड केलेली मीटरपट्टी हे सगळं मी इतकं पाहिलं, की समोरचा माणूस हसून बोलला की माझी नजर आपोआप त्याच्या हातांकडे जायची. निवृत्त झालो तरी ते गेलं नाही. बायको म्हणते, तुम्ही देवळातलं तीर्थसुद्धा आधी वास घेऊन पिता. नोकरीतली आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती पुढे लागणार आहे. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या मऊ शिशावर आम्ही तपासणीचा शिक्का मारतो. असे शिक्के मी तीसेक वर्षं मारले.

गाडी वडिलांची. ते पैठण तालुक्यात डॉक्टर होते आणि दर बाजाराच्या दिवशी याच गाडीतून पाचोडला जायचे. ते गेल्यावर गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. मी निवृत्त झालो तोवर तिच्या दारांच्या खालच्या कडा गंजून हाताला येऊ लागल्या होत्या. गाडी पूर्वीसारखी करायची असं मनाने घेतलं आणि चार जणांना विचारलं. चौघांनीही एकच नाव सांगितलं. चौघांनी एकच नाव सांगितलं म्हणून मला पहिला संशय आला.

पहिल्या दिवशी सांडू मिस्त्रींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. साठीचा, सडपातळ, कानाला रुमाल गुंडाळलेला माणूस. बोटांच्या पेरांनी पत्र्यावर टकटक करायचे, कान जवळ न्यायचे, डोळे मिटायचे. डिकीपाशी थांबून म्हणाले, "हितं आधी कुणीतरी थापलंय, साहेब. खाली पत्रा नाय, नुसती पुट्टी हाय." आधीच्या माणसाचं काम वाईट होतं असं प्रत्येक मिस्त्री म्हणतो, असं मी मनातल्या मनात म्हटलं. मग ते डावीकडच्या मागच्या दारापाशी आले आणि त्यांचा हात थांबला. "ही डॉक्टरसाहेबांची गाडी का? पाचोडच्या बाजारात लिंबाखाली उभी राहायची ती?" मी हो म्हणालो. "माझ्या मायला साप चावला तव्हा तिला ह्याच दारातून आत घातलं हुतं. मी तिच्या पायापाशी बसलो हुतो. वाचली माय." मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. माझं आडनाव मी आधीच सांगून बसलो होतो, आणि पाचोडला येणारे डॉक्टर कोण हे तालुक्यात कुणालाही ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला पाघळवायची ही जुनी रीत, दुसरं काय.

गाडी त्यांच्याकडे पाठवण्याआधी मी एक उद्योग करून ठेवला होता. जुन्या गाड्यांचे मूळ भाग काढून घेतात आणि भंगारातले बसवून देतात, असं ऐकलं होतं. म्हणून घरात पडलेल्या एका टोकदार पोलादी पंचने मी बॉनेट, डिकी आणि चारही दारांच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाहीत असे उभे तीन ठिपके ठोकले. दारांवर ते अगदी खालच्या कडेला होते. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. शिवाय खिशात एक चुंबक, मोडक्या स्पीकरमधून काढलेलं, दोरीला बांधलेलं. खऱ्या पत्र्याला ते चिकटतं, पुट्टीच्या जाड थराला चिकटत नाही. सडलेला पत्रा कापायचा सोडून वर पुट्टी थापली असेल तर ते लगेच चुगली करतं. दर गुरुवारी मी पडेगावला जायचो आणि गाडीवर चुंबक फिरवायचो. मिस्त्रींनी ते पहिल्याच गुरुवारी पाहिलं. म्हणाले, "चांगलं हाय साहेब. घेऊन येत जा." ते हसून म्हणाले, आणि त्या हसण्याचा अर्थ काय असेल यावर मी आठवडाभर विचार केला.

तरी खरं सांगतो, त्यांचं काम बघण्यात मला गोडी लागली होती. पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी अशी चालवायची, की ती मारते आहे असं वाटूच नये. मधूनमधून तळहाताखाली मऊ फडकं घेऊन पत्र्यावरून हात फिरवायचे. उघड्या हाताला जो उंचवटा कळत नाही तो फडक्यातून कळतो, असं ते म्हणायचे. एकदा मी विचारलं, इतकं हळू का मारता? म्हणाले, "त्याला मारायचं नसतंय, साहेब. तू पयला कसा हुतास त्याची आठवण द्यायची असतीय." हे शिक्षण त्यांना शहागंजातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडून मिळालं होतं. उस्तादांचं नाव घेताना ते कानाला हात लावायचे. मी चहा घ्यायचो, ऐकायचो, आणि उठताना पुन्हा एकदा चुंबक फिरवायचो.

एका गुरुवारी चुंबक पडलं. मागच्या मडगार्डाचा जिथे बॉडीशी जोड येतो तिथे, करड्या प्रायमरवर. मी पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. वीतभर लांबीत ते कुठेच धरेना. माझ्या छातीत एकदम काहीतरी मोकळं झालं. इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो ते सापडल्याचा आनंदच तो, दुसरं नाव त्याला देता येत नाही. वर्कशॉपमध्ये तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मिस्त्री, पुट्टी थापलीस ना शेवटी?" तोवर मी त्यांना नेहमी तुम्ही म्हणत होतो. ते हात पुसत आले. "पुट्टी नाय ती, साहेब." "मग चुंबक का पडतंय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चुंबकाकडे पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं... आणि मी म्हणालो, "मला शिकवू नकोस, जन्मभर हेच पकडत आलोय." मग ते एवढंच बोलले, "तर मग चुंबकालाच इचारा."

दुसऱ्याच दिवशी मी गाडी ओढून नेली. डावीकडचं मागचं दार तेव्हा उतरवलेलं होतं, कापलेलं, अर्धवट. "ते ऱ्हाऊ द्या, झालं की कळवतो," असं ते म्हणाले. गाडी जाते आहे आणि दार मात्र ठेवून घेतो आहे, याचा मी सरळ अर्थ लावला. घरी येऊन बायकोला म्हणालो, बघ, मूळ दार गिळलं.

नव्या गॅरेजात काम सुरू व्हायला सहा महिने गेले. तिथल्या कारागिराला मी म्हणालो, आधी ती पुट्टी काढ. त्याने त्या जोडावर गॅसची ज्योत धरली. पुट्टी असती तर काळी पडून तिचा धूर झाला असता. पण प्रायमर जळाला आणि खालून एक चकचकीत थेंब ओघळून फरशीवर पडला. त्याने ज्योत झटकन बाजूला केली. म्हणाला, "साहेब, ये तो शिसा है. जोड शिशानं भरलाय. आता कुणी करत नाही असं, जमतच नाही कुणाला." थेंब निवल्यावर मी उचलला आणि नखाने दाबला. नख उमटलं. माझ्या हातांनी ते ताबडतोब ओळखलं. पत्रा नीट जोडून, सांध्यातली खाच शिसं वितळवून भरायची, तेलात बुडवलेल्या लाकडी पट्टीने ते सारखं करायचं, ही उस्तादांच्या वेळची रीत. ते फुगत नाही, फुटत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. आणि चुंबक शिशाला चिकटत नाही. हे ज्याला सगळ्यांत आधी कळायला हवं, तो माणूस मी होतो.

त्याच संध्याकाळी पडेगावला जायला हवं होतं. गेलो नाही. आधी वाटलं, त्यांनी तेव्हाच शिसं म्हणून का नाही सांगितलं, चार लोकांत मला अडाणी ठरवायचं होतं की काय? संशयाला एकदा खायची सवय लागली की त्याला काहीही चालतं. मग या गुरुवारी जाऊ, पुढच्या गुरुवारी जाऊ असं होत राहिलं. एकदा तर दौलताबादच्या रस्त्याला लागून, वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर दिसल्यावर रिक्षा वळवून परत आलो. काय म्हणायचं ते ठरलं होतं, पण त्यांना पुन्हा तुम्ही म्हणून सुरुवात करायची, की आधी नुसतं जाऊन बसायचं, एवढंच ठरत नव्हतं. असे दोन महिने गेले, आणि मग रेखाचा तो फोन.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. रंगाचं काम रेखाच बघते, आधीपासूनच. तिने स्टूल पुढे केलं, आत चहा ठेवला. भिंतीशी चादरीने झाकलेलं काहीतरी उभं होतं. ती म्हणाली, "तुमचं दार, काका. अप्पांनी लई आधीच करून ठेवलंय." चादर काढली. दार पहिल्यासारखं झालं होतं, खालची सगळी सडलेली पट्टी नवी घातलेली. "तुम्ही गाडी नेल्यावर मी म्हणले, आता कामून करू लागले? तर म्हणे, आजीला ह्याच दारातून आत घातलं हुतं, हे मी दुसऱ्याला करू देत नसतो." म्हणजे ती गोष्ट खरी होती. रेखा चहा आणायला आत वळली आणि मी... दुखवट्याला गेलेला माणूस मी, माझा हात दाराच्या खालच्या आतल्या कडेकडे गेला. ठिपके शोधायला. पट्टी नवी, म्हणजे ठिपके नसणार हे मला कळत होतं, तरी गेला.

ठिपके होते. उभे तीन, माझेच. जुन्या पट्टीतला तेवढाच रुपयाएवढा तुकडा कापून त्यांनी नव्या पत्र्यात, नेमका त्याच जागी, वेल्डिंगने बसवला होता. आणि त्याच्याभोवतीची वेल्डिंगची कड तशीच खडबडीत सोडली होती. तळहाताखाली फडकं धरून केसाएवढा उंचवटा शोधणारा माणूस, त्याने ती एवढी एक कड घासली नव्हती. रेखा चहा घेऊन आली ती माझा हात पाहून थांबली. म्हणाली, "ते मी घासाया घेतलं हुतं. अप्पा म्हणले, बाकी समदं घास, तेवढं नको. साहेबाचं बोट तिथं जाणार हाय. बोटाला लागू दे."

म्हणजे ठिपके त्यांनी कधीच पाहिले होते. कदाचित पहिल्याच आठवड्यात. त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी ते मला चहा पाजत होते, पत्रा कसा ऐकतो ते सांगत होते. मी खाली बसलो आणि रडलो, आणि रेखाने मला रडू दिलं. चुंबक मी तिथेच ठेवून आलो. सांडलेले स्क्रू गोळा करायला तिला उपयोगी पडतं.

दार आता गाडीला बसलं आहे. ती कड त्यांनी माझ्यासाठी मायेने ठेवली की मला चिमटा काढायला ठेवली, हे मला अजून समजलेलं नाही, आणि त्याची खात्री करून घ्यायला आता कुणाला फोन लावू? रोज सकाळी गाडी पुसताना मी ते दार उघडतो. बोट खालच्या कडेशी जातं. कड अजून टोचते.