फिरता आहेर

आमच्या घरात एक लोखंडी पेटी आहे आणि तिच्यात आमची अब्रू ठेवलेली असते. लग्नाकार्यात मानाचे म्हणून मिळालेले टॉवेल, टोप्या, उपरणी या पेटीत जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या अंगावर चढतात. (आहेराच्या टॉवेलाने अंग पुसणारा माणूस आमच्या राहाता गावात मी अजून पाहिलेला नाही!)

आमच्या पुढच्या खोलीत दर हिवाळ्यात डोल्मा भाड्याने राहते. तिबेटी बाई, रस्त्याकडेला स्वेटर विकते. तिचे आईवडील देश सोडून आले. ती जन्मली कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीत, पण मराठी बोलते आमच्या राहात्याची. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दुकान बंद ठेवून आठ दिवस बायकोसोबत दवाखान्यात बसली होती. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ती आईला घेऊनच आली.

"दादा, मी कुठं ऱ्हाते ते बगायचंय आईला. न्हाई पटलं तर म्हनती, पुढच्या साली यायचं न्हाई!"

घरात एकच धावपळ! बायको म्हणाली, "आवं, बगत काय बसलाय? म्हातारीचा मान करा!"

मी पेटी उघडली. टॉवेलावर चहाचा डाग. टोपी म्हातारीला कशी घालणार? तळाशी एक पांढरं रेशमी उपरणं हाताला लागलं. असेल कुठल्याशा लग्नातलं! चार शेजाऱ्यांदेखत मी ते ऐटीत म्हातारीच्या गळ्यात घातलं.

बायकोचा चेहरा उतरला. "आवं, ह्ये डोल्मानंच दिल्तं! आपल्या पोरीच्या लग्नात!"

देणाऱ्याचा आहेर देणाऱ्याच्याच घरात! आमच्याकडे एवढ्यावरून सोयरिकी तुटल्यात. त्यात म्हातारी रडायलाच लागली. झाली खोली रिकामी, गेली डोल्मा!

"चुकलं गं," मी हात जोडले. "पेटीतलं होतं..."

डोल्मा खो खो हसत सुटली. "दादा, ह्या मानाच्या उपरन्याला आमी खाता म्हनतो. आमच्यातबी तो असाच घरोघर फिरतो की!"

"मग आई रडते कशाला?"

तिने आईला विचारलं आणि हसू थांबवून सांगितलं, "आईनं ल्हानपनी घर सोडलं तवा तिच्या आजीनं असाच गळ्यात घातल्ता. सुखानं परत ये म्हनून. परत जाता आलंच न्हाई. म्हनती, आज घरी पोचल्यावानी वाटलं."

बायकोने पदर डोळ्यांना लावला.

म्हातारी महिनाभर राहिली. निघताना तिने तोच खाता माझ्या गळ्यात घातला आणि डोल्माला बजावलं, खोली सोडायची नाही. शेजारी अजून चेष्टेने म्हणतात, "दुसऱ्यांच्या रीती लई म्हाईत हायेत बुवा तुमाला!" मी गंभीरपणे मान डोलावतो.

खाता आता कपाटात कुलपात आहे. किल्ल्या दोन: एक बायकोकडे, दुसरी डोल्माकडे. माझ्याकडे द्यायला दोघीही तयार नाहीत!