श्रीखंडाच्या डब्यातली शाळा

आमच्या घरात श्रीखंडाचे डबे किती आहेत ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्यातल्या एकातही श्रीखंड नसतं, एवढं मात्र पाहुण्यांनाही ठाऊक आहे. कुठल्यात जिरं, कुठल्यात सुकट, कुठल्यात शर्टाची बटणं. डबा रिकामा झाला की सासूबाई तो घासून, खिडकीत वाळवून असा जपून ठेवतात की सोन्याची वाटीसुद्धा मागच्या रांगेत जाईल. त्यामुळे लेकीची शाळा घरात आणायचं ठरलं तेव्हा माझी पहिली नजर गेली ती त्या डब्यांवरच.

शाळा घरात का आणली, ते सांगते. लेक तिसरीत होती. अक्षर वाकडंतिकडं, फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ लागायचा. एके दिवशी वर्गात तिची वही सगळ्यांना दाखवली गेली आणि अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिने पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. रोज सकाळी पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीही नाही. मग नवऱ्याने आणि मी ठरवलं, वर्षभर घरीच शिकवू या. घरी ती वाचायची भरपूर, बोलण्याचं तर विचारूच नका, पण ‘लिही’ म्हटलं की दोन्ही हात पाठीमागे.

सासूबाई मालवणच्या. मनात येईल ते थेट तोंडावर. त्यांनी एकच अट घातली.

“दिवाळीपर्यंत बघा. चेडू लिवूक लागला तर बरा, नायतर गपचूप शाळेत धाडायचा.”

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नसावं, याचीच मला जास्त भीती वाटत होती.

घाबरले की मी आवराआवर करते. कुणी जपमाळ ओढतं, मी कपाटं उपसते. लिहायला लावणं माझ्या हातात नव्हतं, पण लिहायचं सामान ठेवणं होतं ना! मग काय, अंगात आल्यासारखी सुटले. नाहूरमधलं आमचं घर म्हणजे एक हॉल, एक बेडरूम आणि एकावेळी दीड माणूस मावेल असं किचन. हॉलच्या खिडकीपाशी सासूबाईंचं शिलाई मशीन होतं. त्याची मान आत घातली की वर सपाट फळी उरते. ते झालं बाक. खाली मशीन चालवायचं पायडल असल्यामुळे लेकीला वाचता वाचता पाय हलवायची मुभा मिळाली, जी कुठल्याही शाळेत मिळाली नसती. दरवाजामागे चपलांसाठी घेतलेली कप्प्यांची पिशवी टांगली आणि एकेका कप्प्यात रंगीत खडू, ब्रश, पट्ट्या खोचल्या. चेन असलेल्या साडीच्या कव्हरमध्ये कार्डशीट ठेवली. पूर्वी तांदूळ असायचे त्या पत्र्याच्या कोठीत गुंडाळलेले नकाशे उभे केले. दिवाणातल्या गोधड्या माळ्यावर गेल्या, माळ्यावरचं गणपतीचं मखर कपाटावर गेलं, कपाटावरच्या बॅगा बेडखाली गेल्या, आणि बेडखाली काय होतं ते कुठे गेलं हे आजतागायत कळलेलं नाही.

“घरात देऊळ आसा, शिवणाचा दुकान आसा, ह्येचा हापिस आसा,” सासूबाई म्हणाल्या. नवरा आठवड्यातले दोन दिवस घरून काम करतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही. “आता शाळा. माणसा खय ऱ्हवतली?”

“माणसं मधे मधे, आई,” मी म्हटलं. आनंदाने माझं डोकं फिरलं होतं. मुलुंडला फक्त गोंद आणायला गेले आणि परत आले ती दोन पिशव्या भरून. मणी, चिकणमाती, चमकी, लोकर, आणि हाताचे ठसे उठवायला म्हणून प्लास्टरची पांढरीशुभ्र पावडर.

नवऱ्याने पिशव्यांत डोकावून पाहिलं. “अगं, आपल्याला एक मुलगी आहे. तुकडी नाही.”

“तू गप रे. खरेदी झकास झालीये.”

हे सगळं श्रीखंडाच्या डब्यांत भरलं. हॉलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून ते डबे किचनच्या फळीवर, खालच्या बाजूला. वरच्या बाजूला सासूबाईंचे. त्यानंतर माझा सगळ्यात लाडका उद्योग सुरू झाला: चिठ्ठ्या लावणे. झाकणावर पांढरा कागद, त्यावर माझ्या वळणदार अक्षरात ‘मणी’, ‘लोकर’, ‘प्लास्टर’. पाणी लागून शाई फुटू नये म्हणून वरून सेलोटेप. शाळेचे डबे संपले तरी हात शिवशिवत होते, म्हणून स्वयंपाकाचेही उरकून टाकले: ‘जिरं’, ‘सुकट’, ‘तांदळाचं पीठ’. लेक शेजारी बसून होती. दोन झाकणांसाठी मी पेन हळूच तिच्याकडे सरकवलं.

“तू लिही ना. मी चिकटवते,” ती म्हणाली आणि सेलोटेप दाताने तोडत बसली.

त्या रात्री मी उगीचच कप्प्यांच्या पिशवीतले खडू रंगांप्रमाणे परत लावले.

असे बरेच दिवस गेले. जागा इतकी सुंदर झाली होती की शेजारणी बघायला येत. “शाळा सुटली का गं?” असं दारातूनच विचारत. लेक मशीनवर बसून पुस्तकामागून पुस्तक फस्त करायची, तोंडी गणितं करायची, नकाशावर बोटाने नद्या फिरायची. पेन्सिलींना टोकं काढून तयार, आणि त्या तशाच टोकदार राहिलेल्या.

दसऱ्याच्या आधी सासूबाईंनी फळी काढली. म्हणजे सगळे डबे खाली उतरवले, आणि सगळी झाकणं एका टबात साबणाच्या पाण्यात टाकली. आमची आणि त्यांची, सगळी एकत्र. श्रीखंडाच्या डब्याचं एक वैशिष्ट्य आहे: त्याचं झाकण त्याच्या कुठल्याही भावंडाला बसतं. सासूबाईंनी झाकणं धुतली, पुसली आणि हाताला येईल ते समोरच्या डब्यावर दाबून बसवलं. चिठ्ठ्यांना काहीही झालं नव्हतं. सेलोटेप होती ना.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बांगड्याचं सार होतं. साराबरोबर आमच्याकडे तांदळाची भाकरी लागते, आणि भाकरी फक्त सासूबाई करतात. मी केली तर खाणारा आधी तिचा नकाशा ओळखतो. त्यांची भाकरी मात्र परातीत थापली की पौर्णिमेचा चंद्र. त्यांनी ‘तांदळाचं पीठ’ लिहिलेला डबा उघडला, परातीत पीठ घेतलं, कढत पाणी ओतलं आणि मळायला लागल्या. नवरा आणि मी हॉलमध्ये नकाशा टांगायचा खिळा कुठे ठोकायचा यावरून भांडत होतो, लेक किचनच्या ओट्याला टेकून आजीशी गप्पा मारत होती.

“ह्या गिरणीवाल्यान पिठात खडू दळल्यान की काय?” आतून आवाज आला. “हाताक लागता कसा बघ.”

मग थप थप थप. मग शांतता. मग परात ओट्यावर आपटल्याचा आवाज, एकदा, दोनदा.

“गो, हय ये बघू. भाकरी सुटना नाय.”

आम्ही दोघं धावलो. परातीच्या मधोमध एक देखणी, गोल गरगरीत भाकरी बसली होती. मी नखाने टोचलं. टक् असा आवाज आला. सासूबाईंची पाचही बोटं तिच्यावर स्वच्छ उमटली होती, आणि त्यांच्या हातात मनगटापर्यंत पांढरे हातमोजे चढत होते. मी झाकण उलटसुलट पाहिलं, बाजूचा डबा उघडला. ‘सुकट’मध्ये मणी. ‘चमकी’त जिरं. ‘लोकर’ उघडला तर आत तांदळाचं पीठ, आरामात पसरलेलं.

मी त्यांचे हात बादलीत घालून खसाखसा धुतले. नवरा परात बेसिनमध्ये धुवायला निघाला, तेव्हा मी अशी किंचाळले की त्याने ती डोक्यावर धरली. “पाइपात जाऊन बसेल रे ते!” त्याने परात उलटी करून वरून बुक्की मारली, भाकरी निसटली, जमिनीवर पडली आणि फुटली नाही! झालं. नवरा फ्रिजला धरून हसायला लागला, मी तिथेच खाली बसले. “आई, हिच्यावर घर बांधता येईल!” तो म्हणाला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पोट दुखायला लागलं, हसू थांबेचना.

“हसू नका ना!”

लेक ओरडली होती. तेव्हा कुठे मी सासूबाईंकडे नीट पाहिलं. त्या ओले हात पदराला पुसत उभ्या होत्या आणि कुणाकडेच बघत नव्हत्या.

“आयुष्यात कधी भाकरी फुकट घालवलंय नाय,” त्या हळूच म्हणाल्या. “माका पीठ पण ओळखूक येणा नाय आता. डोळे गेले माझे.”

“तुझे डोळे नाही गेले, आजी!” लेकीचा चेहरा लालबुंद झाला होता. “झाकणं चुकलीत. आईने झाकणावर कशाला लिहिलं? डब्यावर लिहायला पाहिजे ना!”

आणि ती हॉलमध्ये गेली. दरवाजामागच्या पिशवीतून जाड काळं स्केचपेन घेऊन आली, प्लास्टरचा डबा दोन पायांत धरून जमिनीवर बसली आणि लिहायला लागली. तिने कुणाला विचारलं नाही. मी नवऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं की तो कळवळला, पण शहाण्यासारखा गप्प राहिला. डबा गोल, अक्षरं त्याच्याबरोबर घरंगळत निघालेली. एक मोठं, एक किडमिडीत, काना कुठच्या कुठे. जीभ बाहेर काढून, अख्ख्या डब्याला वळसा घालून तिने लिहिलं: ‘आजी हे खायचं नाही’.

तिने डबा आजीच्या हातात दिला. सासूबाईंनी चष्मा शोधला, पुसला, लावला. मग डबा हळूहळू फिरवत, एकेक शब्द मोठ्याने वाचत गेल्या.

“वाचता येतंय?” लेकीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “न येवक काय झाला? सगळा वाचूक येता.” मग त्यांनी पिठाचा डबा तिच्यापुढे ठेवला. “ह्याच्यावर पण लिव. मोठ्या अक्षरात लिव, माझ्यासाठी.”

तिने लिहिलं. मग जिऱ्यावर, मण्यांवर, सुकटीवर, आणि मी लावलेल्या वळणदार चिठ्ठ्या सासूबाई चाकूने खरवडून काढत राहिल्या. मी त्या वेळी काही शहाणपणाचं बोलायला हवं होतं, पण मला हुंदका आणि हसू एकदमच येत होतं, म्हणून मी साराखालचा गॅस बारीक केला. नवरा खाली पाव आणायला गेला. तो येईपर्यंत फळीवरचे सगळे डबे संपले होते आणि लेक हातात स्केचपेन घेऊन, गालाला शाई फासून किचनच्या मधोमध उभी होती.

“आई,” ती म्हणाली, “घरात अजून काय काय आहे?”

“खूप आहे गं बाई,” मी म्हटलं. “खूप आहे.”