आधी टेलला, मग हेडला

हताश होणं ही कला असती, तर आमच्या थोरल्या साडूंना नगर जिल्ह्याने हत्तीवरून मिरवलं असतं. इतर माणसं संकट आल्यावर खचतात. साडू आधीच खचून, खुर्ची मांडून संकटाची वाट बघत बसतात, आणि ते वेळेवर आलं नाही तर आणखी खचतात. माझ्या लग्नात त्यांनी पाठीवर हात ठेवून मला पहिला आशीर्वाद दिला तो असा: "धाकटे, आता काय व्हायचं ते झालं." मग ताटातली जिलेबी उचलून उजेडाकडे धरली, तिची सगळी वळणं डोळ्यांनी चालून आले आणि म्हणाले, "बघा. पाक टोकापर्यंत पोचला न्हाई." वाईट याचं वाटतं की खरोखरच पोचला नव्हता.

टोकापर्यंत पोचणं हाच त्यांच्या जन्माचा ध्यास. त्यांचे वडील मुळा धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे शेतांना पाळीने पाणी सोडणारे. कालव्यातून रानात पाणी नेते ती चारी. तिच्या तोंडाशी ज्याचं रान तो हेडवाला, शेवटाला ज्याचं रान तो टेलवाला. आणि हेडवाले वरच्यावर पाणी ओढायला लागले की टेलवाल्याच्या वाट्याला चारीतले बेडूकसुद्धा येत नाहीत. म्हणून वडिलांचा एकच नियम होता: आधी टेलला, मग हेडला. वडील गेले, नियम साडूंनी घरी आणला. त्यांच्या घरच्या पंगतीत वाढप दाराजवळच्या शेवटच्या पाटापासून सुरू होतं. एकदा खुद्द व्याही वरच्या टोकाला बसले होते आणि आमटी खालून मुंगीच्या पावलाने वर येत होती. माझी मेव्हणी साडूंच्या कानात ओरडली, "अहो, पाहुणे कोरडा भात कालवत्यात!" साडू शांतपणे म्हणाले, "पाहुणे हेडला हायेत. हेडवाला मरत न्हाई." व्याह्यांनी तो भात पाण्याचा घोट घेत संपवला. पुढे दोन वर्षं त्यांनी आमच्याकडे पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

असा माणूस दूध संघात संगणक विभागाचा प्रमुख होता. विभाग म्हणजे साडू, एक पंखा आणि एक रिकामी खुर्ची. त्यातला पंखा अधूनमधून रजेवर असे. जिल्हाभर संघाची शंभरावर संकलन केंद्रं, प्रत्येक केंद्रावर फॅट मोजायच्या यंत्राला जोडलेला एक संगणक. राहुरीजवळच्या अशाच एका केंद्राचा मी सचिव. नगरच्या मोठ्या मशीनवरून नवं सॉफ्टवेअर सोडलं की शंभर संगणक एकदम तोंड लावायचे, लाइन तुंबायची, आणि केंद्रापुढे किटल्यांची रांग थेट मारुतीच्या देवळाला वळसा घालायची. आम्हा हेडवाल्यांना निदान संध्याकाळपर्यंत काहीतरी मिळे. पण पाथर्डीकडच्या डोंगरात संघाचं शेवटचं केंद्र होतं, तिथे कधीच काही पोचत नसे. तिथल्या सचिव बाई जुनाट संगणकावर विसंबत नसत, वहीत हाताने फॅट लिहीत आणि दर महिन्याला फोन करून साडूंना विचारत, "साहेब, आवंदा तरी येईल का हो?"

हा फोन साडूंच्या काळजात काट्यासारखा रुतला. त्यांनी रिलेची योजना काढली. म्हणजे असं, की मोठ्या मशीनने सगळ्यांच्या ओंजळीत ओतत बसायचं नाही. आठ-दहा गावांमध्ये मिळून एका केंद्रावर रिले सर्व्हर ठेवायचा. मोठं मशीन त्याला एकदाच देणार, तो शेजारच्या गावांना वाटणार. गावागावांच्या पाण्याच्या टाक्यांवर बशीसारख्या डिश बसवायच्या. वेळ दुपारी बारा ते चार, सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाच्या मधली. "धाकटे, ही चारी हाय," ते म्हणाले. "आन् ह्या चारीत पहिलं पानी टेलला." महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते, आणि चेअरमनसाहेबांनी बजावून ठेवलं होतं, की तोवर योजना चालली तर ठीक, नाहीतर सगळं काम बाहेरच्या कंपनीला.

रिले कुठे ठेवायचा हे ठरवायला साडू माझ्या मोटारसायकलवर मागे बसून सगळा जिल्हा हिंडले. कागदावर गावं अंतराने जोडली होती. गावं मात्र अंतर मानायला तयार नव्हती. एका सचिवाने डिश बघून हात जोडले. "साहेब, त्या गावाकडून? त्यांनी आमची चारी फोडली हुती. आमचा संगणक उपाशी मरंल, पन त्यांच्या हातचं खानार न्हाई." साडूंनी नकाशा फाडला आणि नवा काढला, तो सोयरिकीचा. ज्या गावात लेकी दिल्या त्या गावच्या रिलेवरून अपडेट घ्यायचं. कुणी नाही म्हणेना. मामाच्या गावचं अपडेट म्हटल्यावर एका केंद्राने तर संगणकाला टॉवेल-टोपी केली. अशी देशातली पहिली सोयऱ्याधायऱ्यांची संगणकव्यवस्था उभी राहिली, आणि साडू म्हणाले, "इतकं नीट चाललंय म्हंजे कायतरी लई मोठं चुकतंय."

आवर्तन, म्हणजे नवं अपडेट, सोडायचा दिवस उजाडला, तो महिन्याचा शेवटचाच. साडूंनी आदल्या दिवशी प्रत्येक केंद्राला स्वतः फोन करून सांगितलं होतं: उद्या दुपारी संगणक बंद करायचा नाही. बाराच्या ठोक्याला त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर सगळी केंद्रं राखाडी. पाच मिनिटं झाली, वीस झाली. एकही हिरवं होईना. मी एका सचिवाला फोन लावला.

"संगणक बंद केला का रे?"

"न्हाई ओ! साहेबांनी सांगितलं हुतं ना. बटन चालूच हाय."

"मग?"

"निस्ता मेन स्विच पाडला आन् कुलूप घातलं. परिपत्रक हाय न्हवं का भिताडावर, केंद्र बंद करताना मेन स्विच पाडावा म्हनून!"

ते परिपत्रक साडूंचंच होतं. दहा वर्षांपूर्वी एका केंद्रात वायर जळाली, तेव्हा काढलेलं. आयुष्यभरात साडूंनी शेकडो परिपत्रकं काढली. त्यांत भजी बांधली गेली, काही शेळ्यांनी खाल्ली. पाळलं गेलं ते हे एकच, आणि सबंध जिल्ह्याने, एकदिलाने. साडू खुर्चीत मावळत गेले. मग एकदम ताठ झाले.

"टेलला लावा."

बाईंनी पहिल्याच रिंगला उचललं. "चालूच हाय की साहेब. बारापासून म्होरं बसलेय."

"मेन पाडला न्हाई?"

"कशापायी? कुनी सांगितलंच न्हाई."

परिपत्रकसुद्धा टेलला पोचलं नव्हतं.

बाकीच्या सचिवांचे फोन दुपारच्या झोपेत नुसते वाजत राहिले, तेव्हा आम्हीच निघालो. मी मोटारसायकल अशी हाणली, की वाटेतल्या गावांना आम्ही गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. टेलच्या वरच्या गावातला रिले उठवायचा होता. तिथला सचिव लिंबाखाली आडवा होता. त्याने डोळे न उघडता किल्ली दिली. साडूंनी मेन स्विच वर केला. पाटाचं दार उचलताना वडील घालत असतील तसा खांदा घालून. रिलेवर दिवा लागला. मग आम्ही डोंगरातल्या केंद्रावर गेलो. बाई पडद्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या, शेजारी वही. पडद्यावर एक निळी रेघ डावीकडून निघाली होती. कोरड्या सरीत पाणी शिरतं तशी सरके, थांबे, परत सरके. साडू उकिडवे बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. पावणेचारला रेघ काठाला टेकली.

"आलं," साडू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाक्याला पुढे 'पण' नव्हता.

बाईंनी वही मिटली. "आता बाकीच्यांना?"

"आता हेडला," म्हणत साडू उठले, तेवढ्यात बाहेर किटल्या वाजल्या. दूध आलं होतं. चार वाजले होते.

शंभरातलं एक. चेअरमनसाहेबांना तेवढं पुरेना. साडू निवृत्त झाले, काम बाहेर गेलं, टाक्यांवरच्या डिशमध्ये पारवे संसार करतात. अपडेट पुन्हा नगरहून एकदम सुटतं, आणि डोंगरातल्या बाईंनी परत वही काढली आहे.

साडूंना मात्र अजून सुगावा लागतो. नवं काही सुटलं की दुपारी त्यांचा फोन येतो. "धाकटे, आलं का?"

माझ्या थापांना एरवी शिंगं, शेपूट, झूल, सगळं असतं. ही एकच थाप मी उघडी-बोडकी मारतो.

"आलं, साडू. आधी टेलला."

पलीकडून ते, बहुधा माझं समाधान व्हावं म्हणून, सुटकेचा एक सुस्कारा सोडतात.