चूल विझली का?

"चूल विझली का?"

हा प्रश्न बाई तीनदा विचारायच्या. एकदा मला, एकदा आईला आणि मग स्वतःच वाकून, राखेवर तळवा धरून. त्यानंतरच मागच्या खोलीत जाऊन स्पिरिटच्या कॅनचं झाकण उघडायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर आमच्यासारखेच हसला असता.

बाई संशोधनासाठी शहरातल्या कॉलेजातून आल्या होत्या. कुंभारवाड्यातल्या आमच्या घराची मागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. ओढ्यातलं खायचं शेवाळ वाळवून, कुटून त्या गरम पाण्यात ठेवत. मग ते पाणी गाळून त्यात स्पिरिट ओतत. तळाशी शेवयांसारखे पांढरे धागे बसत. बाई त्याला पॉलिसॅकराइड म्हणत, आई 'शेवाळाचा डिंक'. तो जास्तीत जास्त कसा निघेल, यासाठी कधी आच कमी, कधी वेळ जास्त, असं रोज चालायचं. "उकळी नको हं, डिंक तुटतो," ही त्यांची दुसरी धास्ती.

"एवढं काय भ्यायचं गं बाई?" आईनं एकदा विचारलं.

बाईंनी बाही वर केली. कोपरापर्यंतची कातडी आवळून गेली होती. "स्पिरिटच्या वासाला ठिणगी लागली होती, काकू."

त्यानंतर आमचं हसणं कमी झालं. बंद नाही झालं.

पावसाळ्यात एका तिन्हीसांजेला लाइट गेली. आई रोजच्यासारखी देवापुढचा दिवा घेऊन खोल्याखोल्यांना दाखवत निघाली. मागच्या खोलीत अंधारात बाईंचा धक्का लागून स्पिरिटचा उघडा कॅन नुकताच आडवा झाला होता. त्या धावत दाराशी आल्या, तर समोर आई आणि तिच्या हातात ज्योत. एरवी तीनतीनदा विचारणाऱ्या बाईंना आता एकदाही विचारायला वेळ नव्हता. त्यांनी झेप घेऊन ज्योत उघड्या तळव्यानं दाबली.

"देवाचा दिवा इझवलास गं! आता घराचं कसं व्हायचं?" आई ओरडली.

तेवढ्यात मला स्पिरिटचा वास आला.

"कुणी काडी ओढू नका," बाई कशाबशा म्हणाल्या. आम्ही चाचपडत बाहेर पडलो आणि गोठ्याच्या वळचणीला उभे राहिलो. आईनं बाईंचा भाजलेला हात पदरात घेतला. मग हळूच मला विचारलं, "चूल इझलीया न्हवं रं?"

मला आठवेना. खरंच आठवेना. आयुष्यात तेवढा मी कधी भ्यालो नाही.

वास उडून जाईपर्यंत काही पेटलं नाही; घर वाचलं. काम संपल्यावर बाई गेल्या. दिवा विझल्याचा विषय आईनं पुन्हा कधी काढला नाही.

खोली रिकामी आहे. आई अजून तिन्हीसांजेला दिवा दाखवत फिरते. मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी मात्र थांबते, ज्योतीला हात आडवा धरते, हुंगते आणि विचारते, "येऊ काय गं आत?"

आणि जरा वेळ वाट बघते.