कोपरापर्यंतचा कापूस

नथ्थू गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कापसाच्या बाजारात, भर दुपारी, तराजूपाशी कळली. अकोल्याकडून आलेल्या गाडीवानानं बैल सोडता सोडता सांगितलं, "तुमचा तो नथ्थू गेला जी. तापानं. चार दिवस झाले." मी मापारी, हातातलं वजन हातातच राहिलं. आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. त्यातला एक दलाल सुपारी चघळत म्हणाला, "चोर होता, पण माणूस बरा होता." बाकीच्यांनी माना हलवल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाची आठवण काढायची तर आधी चोर आणि मग माणूस? पण बोललो काय? काही नाही. वजन पारड्यात टाकलं आणि पुढचा बोरा घ्या म्हणालो. महिना होऊन गेला, तरी ते गप्प बसणं घशाखाली उतरत नाही.

आमचं गाव मूर्तिजापूरच्या बाजूचं. घराला घर लागून. सात-आठ वर्षांचे असताना आम्ही दोघांनी पाटलाच्या शेतातला हरभरा उपटला आणि बांधावरच भाजून खात बसलो. पकडले गेलो. मी भोकाड पसरलं. नथ्थू मात्र तोंडाला काळं लागलेलं तसाच उभा राहून म्हणाला, "पाटीलबाबा, तुमचाच हरभरा गोड आहे, दुसऱ्याच्या वावरातला कोण खाते?" पाटील पोट धरून हसले. "लय हुशार पोरगं आहे बे!" गावभर ती गोष्ट झाली. त्याची माय तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. मला घरी मार बसला, त्याला शाबासकी मिळाली. लोक म्हणतात चोर आईच्या पोटातून येतो. थूत्! मी तर त्याच्या शेजारी बसून तोच हरभरा खाल्ला होता. मी पुढं सरळ राहिलो तो भ्यालो म्हणून. त्यात माझा मोठेपणा कवडीचा नाही.

मोठेपणी आम्ही दोघंही अमरावतीच्या बाजारात कामाला लागलो. त्याच्या हाताला कापसाची अशी पारख आली की बाप्पा! रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा पाहून माल कोणत्या शिवारातला ते सांगायचा. मग तिकडे अमेरिकेत लढाई लागली, विलायतेला कापूस मिळेना आणि आमच्या वऱ्हाडाला धुंदी चढली. काल अनवाणी फिरणाऱ्याच्या बैलांच्या शिंगांना चांदी आली. बाजारात ओला कापूस, सरकीसकट कापूस, गेल्या सालचा पिवळा पडलेला कापूस... जो येईल तो खपायचा. घेणारा बोऱ्याच्या तोंडातून हात घालून नमुना काढायचा. हात कुठपर्यंत जातो? कोपरापर्यंत. नथ्थूनं ते हेरलं होतं. वरून कोपरभर तो असा पांढराशुभ्र लांब धाग्याचा माल लावायचा की घेणारा खूश. त्याच्या खाली सारी घाण. ज्यांचे बोरे तो भरायचा ते व्यापारी त्याला घरी बोलावून जेवायला घालायचे. "कोपराच्या पुढं कोणाचाच हात जात नाई, भाऊ," तो मला हसत म्हणायचा. आणि मीही हसायचो. अगदी त्या पाटलासारखा. ओले बोरे माझ्याच तराजूवर चढत होते. जड लागतात हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

मग सरकारनं कापसाच्या लबाडीविरुद्ध कायदा केला, तपासायला साहेब आला. त्यानं हात घातलाच नाही. चाकूनं बोरा उभा फाडला. नथ्थू पकडला गेला. व्यापारी म्हणाले, आम्हाला काय माहीत, माल यानं भरला. मला साक्षीला उभं केलं. बोरे कोणी भरले? नथ्थूनं. एवढंच विचारलं, एवढंच मी सांगितलं. कोणाच्या सांगण्यावरून, ते कोणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन बोललो नाही. नथ्थू माझ्याकडे पाहत होता... रागानं नव्हे, वाट पाहत होता.

तुरुंगात जाताना तो लबाड होता, बाहेर आला तो चोर होऊन. आत त्याला कुलपं उघडणारे गुरू भेटले. वर्षाच्या आत वखारीतून दोन बोरे उचलले आणि पुन्हा आत गेला. दुसऱ्यांदा सुटला तेव्हा लढाई संपली होती, भाव धाडकन कोसळले होते. चाळिशीतच त्याचे केस पिकले होते. माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "आता मनच होत नाई, भाऊ. कोणी उपदेश केला असंही नाई. भूक मरते ना, तसं मरून गेलं. तू बजारात एक शब्द टाक. मले पारखीवर घेतलं तर घेतलं. दुसरं काई येत नाई मले." मी म्हणालो, "पाहू."

तो शब्द मी कधी टाकला नाही. उद्या याचा हात पुन्हा वळला तर बाजारात आपली काय पत राहील, हीच भीती, हरभऱ्याच्या वेळची. तो अकोल्याला गेला, गोठ्यागोठ्यांत सरकी-ढेप वाहू लागला. तीन वर्षं कोणाच्या काडीला हात लावला नाही त्यानं. तरी वर्षातून दोनदा, कापूस बाजारात आला की माझ्याकडे यायचा आणि विचारायचा, "बोलला का रे कोणापाशी?" एकदा तो येताना दिसला आणि माझ्या बायकोनं ओट्यावरचा पितळी तांब्या उचलून आत नेला. त्यानं ते पाहिलं. पाणी मागितलं नाही. जाताना उंबऱ्यापाशी थांबला, खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्यासमोर झटकला आणि मग पायरी उतरला. त्या दिवसापासून प्रत्येक घरातून निघताना तो दुपट्टा झटकायचा. माझ्या घरातूनही. "अबे, हे कावून करतं?" एवढं एक वाक्य मला जड झालं होतं का?

तेरवी झाल्यावर त्याचा मुलगा महादेव माझ्याकडे आला. विशीतला, अंगानं दणकट. जन्मात कोणाचं काही घेतलेलं नाही. कागदात बांधलेला रुईचा पुंजका त्यानं माझ्या हातात ठेवला. "बाबानं तुमच्यासाठी ठेवला होता, काकाजी. म्हणत, धागा पाहून बजारात दाखवजा, हात अजून चालते म्हणून." मी तो धागा पाहिला. लांब, एकसारखा, सरकीचा कणही नाही. असा माल निवडणारा माणूस बाजारात आज नाही. महादेव उठला, उंबऱ्यापाशी थांबला आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला.

"अबे, तू कायले?" मी ओरडलोच.

"बाबानं शिकवलं, काकाजी. लोकायनं पाहाच्या आंधी आपणच झटकून दाखवावं."

तो गेला. पाणी प्यावं म्हणून मी हात पुढं केला. ओट्यावर तांब्या नव्हता. बायको तर माहेरी गेली होती. महादेव येताना गल्लीच्या तोंडाशी दिसला, तेव्हा तांब्या उचलून मीच आत ठेवला होता.